माळ चढवताना

मला साधी शिंक आली तरी आख्ख्या गल्लीला कळतं. आन् आमच्या नवसाबाईचं बोट विळ्यानं कापलं, तर मला ते दोन दिवसांनी कळतं, ते बी चुलीपाशी हळदीचा डबा उघडा दिसला म्हणून. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. यंदाचं सोडलं तर एवढ्या वर्षांत ती दवाखान्याची पायरी चढली दोनदा. एकदा ज्ञानेशच्या बाळंतपणाला, आन् एकदा मला विंचू चावला तेव्हा मला घेऊन. म्हणून आधीच सांगतो, यंदाच्या नवरात्रात जे झालं त्यात माझी चूक हाय, पण सगळी माझी नाय.

आमचं गाव नाशिकपासून अठरा किलोमीटर, गिरणाऱ्याच्या अंगाला. दोन एकर रान. दीड एकरात टोमॅटो आन् कोथिंबीर, ते माझं आन् ज्ञानेशचं. उरलेल्या अर्ध्या एकरात झेंडू, तो तिचा. त्यात माझं काही चालत नाय. कोणत्या दिवशी तोडा करायचा, कोणत्या दिवशी रोपाला हात लावायचा नाय, सगळं ती ठरवणार. मी मधे बोललो तर म्हणते, "तुम्ही तुमच्या टमाट्यात जा."

यंदा पाऊस हटेनाच. घट बसले तरी रोज दुपारी आभाळ भरून यायचं. भिजलेलं फूल काळं पडतं, म्हणून जरा उघडीप मिळाली की तोडायला पळायचं. वाकून तोडायचं, भरलेलं क्रेट डोक्यावर घ्यायचं, बांधावर नेऊन ठेवायचं, परत येऊन वाकायचं. पोटात काय, तर उपवासाची भगर. पायात चप्पल नाय, नऊ दिवस अनवाणी. झोपायला पलंग नाय, खाली घोंगडी. मी म्हणलं, "अगं, वय बघ." तर म्हणे, "देवीला माझं वय माहीत हाय."

आमच्याकडं देवघराच्या कोपऱ्यात घट बसतो. वर आढ्याच्या खुंटीवरून दोरी सोडलेली असते. रोज सांजच्याला त्या दोरीला नवी माळ बांधायची, ती घटावर लोंबली पाहिजे. नऊ दिवस आमच्यात तारीख कोणी विचारत नाय, आज कितवी माळ असंच विचारतात. आमची आई गेल्यापासून ही माळ नवसाबाईच चढवते. पाटावर उभं राहायचं, मान पार मागं टाकायची आन् दोन्ही हात वर करून गाठ मारायची.

पहिल्या माळेला गाठ मारता मारता तिनं एकदम भिंत धरली.

"काय झालं गं?"

"काय नाय. पाट हालला."

पाट सागाचा, चार बोटं जाड, माझ्या आज्यानं केलेला. तो कशाला हालतोय? पण मी आरतीचं ताट घेऊन उभा होतो, कापूर विझू राहिला होता. मी आरती सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मंजुषानं मला गोठ्यात गाठलं. मंजुषा आमची सून, सिन्नरची, बारावी झालेली. तिच्या नजरेतून काही सुटत नाय.

"नाना, आई रात्री उजव्या कुशीवर वळतच नाहीत. वळल्या की उठून बसतात आणि जमीन धरतात. सकाळी चूळ भरतानासुद्धा मान वर करत नाहीत."

"भगर बाधली असंल."

"भगर मीपण खाल्ली ना."

"मंग पित्त असंल. नायतर ऊन."

"नाना, गेले चार दिवस ऊन पडलंय कुठं?"

सुनेशी वाद घालायचा नाय, असं मी ठरवलेलं हाय. लिंबू-साखरेचं पाणी करून द्यायला सांगितलं आन् म्हशीला वैरण टाकली.

तिसऱ्या माळेला आरतीला शेजारची मंगलाबाई आली. गरीब बाई. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली. एकुलता एक हर्षल, तो भांडून पुण्याला गेला. दीड वर्षात ना फोन, ना कोणाकडून निरोप. घरात ती आन् एक शेळी. आमच्या आरतीला ती रोज येते आन् सगळ्यांच्या शेवटी जाते.

नवसाबाई पाटावर चढली. मान मागं टाकली, हात वर केले. आन् डोलायला लागली. मी ताट खाली ठेवेस्तोवर ती पाटावरून उतरली म्हणा, घसरली म्हणा, घटासमोर बसकण मारली. अंग घामानं भिजलं. तोंडानं "आई गं, आई गं" चाललेलं. मी वाकून बघतो तर तिची बुबुळं एका बाजूला भराभर उडत होती. असलं मी जन्मात बघितलं नव्हतं.

"आई आली!" मंगलाबाई ओरडली. "अगं बाई, आई आली! उदो गं अंबे, उदो!"

मंगलाबाईनं कुंकवाची कोयरीच उपडी केली नवसाबाईच्या कपाळावर. मंजुषाला म्हणाली, लिंबू आण, नारळ आण. मंग माझ्याकडं वळली.

"भाऊ, उभे काय राहिलात खांबागत? पाया पडा!"

"कोणाच्या?"

"आईच्या!"

आता काय सांगू तुम्हाला. बेचाळीस वर्षं या बाईनं माझे पाय चेपले, मी कधी तिचे चेपले नाय. त्या दिवशी मी, चिमाजी, गुडघे टेकून बायकोच्या पायावर डोकं ठेवलं आन् "आई, सांभाळ" म्हणलं. पाय बर्फासारखे गार होते. टाचेच्या भेगांत काळी माती होती. मला एकदम वाटलं, या पायांना आजवर आपण काय दिलं? तेवढ्यात तिचं फिरायचं थांबलं. डोळे नीट झाले. तिनं खाली बघितलं, तर मी तिच्या पायाशी.

"आवं, काय सांडलं का तुमचं?" म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच आलं होतं का गं अंगात?"

"मला काय माहीत? मी तर भिंत शोधत होते."

"मंग सांगितलं का नाय मंगलाबाईला?"

"तिनं एव्हाना गावभर केलं असंल. मी काय आता दारोदार जाऊन सांगू का, देवी नाय, मला गरगरलं म्हणून?" आन् जरा थांबून म्हणाली, "आन् आली असंल तर? आपण नाय म्हणायचं का तिला?"

खरं सांगायचं तर मला बी थोडं बरं वाटलं होतं. देवीला आख्ख्या गावात आमचंच घर दिसलं, असं मनात आलं. माणूस लय लबाड असतो.

चौथ्या माळेला ओटा बायांनी भरून गेला. नवसाबाई मंजुषाला म्हणाली, "आज तू चढव माळ." तर बाया ऐकेनात. ज्या हाताला आई येते त्याच हातानं माळ लागली पाहिजे म्हणे. चढली बिचारी पाटावर. आन् झालंच. मान मागं गेली की पाच मोजायच्या आत ती खाली.

एकच गलका झाला. कोणी तांदूळ, कोणी नारळ, कोणी खण, ओटी भरायला रांग लागली. मंगलाबाई सगळ्यांना सारून पुढं झाली, तिच्यासमोर बसली. पदर पसरला.

"आई, एकच विचारते. माझा हर्षल येईल का गं?"

नवसाबाईचे डोळे उडत होते. ती पडायला आली होती. पुढं जे सापडलं ते तिनं धरलं, ते मंगलाबाईचं मनगट होतं. असं घट्ट धरलं की बोटं उमटली. मंगलाबाई ढसाढसा रडली. "येईल म्हणते आई. येईल म्हणते." सगळ्या बाया रडल्या. मंजुषा तेवढी माझ्याकडं बघत उभी होती, आन् तिच्या तोंडावर राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाबाईच्या अंगणात दोरीवर गोधड्या वाळत पडल्या होत्या. हर्षलच्या गोधड्या. घर सारवलेलं. शेळीसुद्धा धुतलेली. नवसाबाई आमच्या कुडापाशी चहा घेऊन उभी होती. कितीतरी वेळ तशीच बघत राहिली. चहा निवला, तो तिनं तुळशीत ओतला.

आता माझी चूक सांगतो.

माझा चुलतभाऊ खंडेराव, मळ्यातला. त्याला बीपी हाय. सदऱ्याच्या खिशात गोळ्या घेऊन फिरतो आन् प्रत्येकाचा आजार त्याला माहीत असतो. त्याच सकाळी मी त्याला म्हणलं, "दादा, हिला चक्कर येती."

"चक्कर म्हणजे बीपी. दुसरं काही असूच शकत नाय." आन् पाकिटातून चार गोळ्या कातरून दिल्या. "मला आठ वर्षं झाली, बघ, काही झालं का?"

मी नवसाबाईला पित्ताची गोळी म्हणून चहाबरोबर दिली. घेतली तिनं. आम्ही रानात गेलो. अकराच्या सुमाराला उघडीप होती, ती भरलेलं क्रेट डोक्यावर घेऊन उठली, आन् क्रेटसकट कोसळली.

हे रोजच्यासारखं नव्हतं. डोळे उडत नव्हते, मिटलेले होते. हात गार. ओठ पांढरे. मी हाका मारल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन झेंडूच्या सरीत बसलो, चिखलात, आन् मला तिची थोरली बहीण दिसायला लागली. अक्का, इगतपुरीला दिलेली. तिला असंच चक्कर येऊन लकवा झाला. सात वर्षं खाटेवर होती, चमच्यानं पेज भरवायला लागायची. शेवटी शेवटी नवसाबाईला सुद्धा ओळखत नव्हती. मला वाटलं, संपलं. आता ही मला ओळखणार नाय. मी रडलो. लाजायचं काय त्यात, लहान पोरासारखा रडलो आन् तिच्या तोंडावर पाणी मारत राहिलो.

तिनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं.

"फुलं चुरगळली का?"

"मरू दे फुलं! उठ, दवाखान्यात चल."

"दसरा होऊ द्या."

"दसऱ्याच्या नावानं चांगभलं! तू राहशील का दसऱ्यापर्यंत?"

"ओरडू नका, शेजारच्या रानात माणसं हायती." हळूच उठून बसली. पदरानं माझं तोंड पुसलं, मंग स्वतःचं. मंग म्हणाली, "अक्काला पण डॉक्टरानं घरी बसायला सांगितलं होतं. बसली ती बसलीच. मला बी तेच सांगतील. झेंडू कोण करंल? तुम्ही? तुम्हाला कळी आन् फूल वेगळं कळत नाय."

गोळीचं मी तिला सांगितलं नाय. उरलेल्या तीन गोळ्या बांधावरून फेकून दिल्या. संध्याकाळी मंजुषानं बायांना सासूला ताप हाय म्हणून सांगितलं, माळ स्वतः चढवली, आन् बाया तोंडं पाडून परत गेल्या. मंगलाबाई जाताना उंबऱ्याशी ओटी ठेवून गेली.

सहाव्या माळेच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा डबा काढत होती. डबा सगळ्यात वरच्या फळीवर. तिनं मान वर केली, टाचा उचलल्या, आन् डबा धाडकन खाली. मी धावलो. फळीला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी उभी होती. मी कमरेला धरून तिला खाली बसवलं. शेंगदाणे घरभर.

डोळे थांबेपर्यंत ती जमीन धरून बसली. मंग शेंगदाणे वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली,

"देवीला शेंगदाण्याच्या डब्यापाशी काय काम हो?"

"म्हणजे?"

"परवा न्हाणीत आलं, डोक्यावर पाणी घेताना. रात्री उजव्या कुशीला येतं. आत्ता इथं. ती यायची तर देवघरात येईल. न्हाणीत कशाला येईल? फळीवर कशाला येईल?" वेचलेले शेंगदाणे तिनं ताटात टाकले. "हे देवीचं नाय. माझं हाय. आन् मी तिच्या नावानं ओट्या घेतल्या. त्या मंगलाबाईला फसवलं मी. तिनं गोधड्या धुतल्या हो!"

तिचे डोळे भरून आले. चिखलात पडली तेव्हा आले नव्हते.

"तू मुद्दाम नाय केलंस."

"पण गप तर बसले. उद्या मला दवाखान्यात न्या. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, बसवू द्या घरी. पण हे कोणाचं हाय ते मला पक्कं कळलं पाहिजे. माणसानं देवीचं नाव उगाच लावायचं नाय."

मी आदल्या दिवसापासून गळा काढत होतो, लकव्याची भीती घालत होतो, त्याला ती बधली नव्हती. स्वतःच्या जिवासाठी ती हालली नाय. देवीसाठी आन् मंगलाबाईसाठी निघाली.

सातव्या माळेच्या दिवशी पहाटे ज्ञानेशच्या पिकअपमधून निघालो. रिकामी गाडी न्यायला तिचा जीव होईना, म्हणून मागं झेंडू भरला होता. माल उतरवून ज्ञानेशनं आम्हाला दवाखान्याच्या दारात सोडलं. मोठा दवाखाना, काचेचं दार, आत गारठा. ती अनवाणी. फरशी इतकी गुळगुळीत की ती माझा दंड सोडेना. खुर्च्यांवर बसलेल्या बाया तिच्या पायांकडं बघत होत्या. तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी माझे पाय मुद्दाम पुढं काढून बसलो.

खिडकीवरची पोरगी म्हणाली, "कोणत्या डॉक्टरांना दाखवायचंय?"

"चक्करच्या."

"काका, चक्करचे वेगळे डॉक्टर नसतात. बीपीची चक्कर, मेंदूची, की कानाची?"

"ताई, ते कळलं असतं तर आलो कशाला?"

मागं कोणीतरी हसलं. पोरगी मात्र भली होती. तिनं चक्कर कधी येते विचारलं. नवसाबाई म्हणाली, "मान वर केली की." तिनं चिठ्ठी फाडली आन् दुसऱ्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. मला ते पटलं नाय. चक्कर डोक्यात, आन् दाखवायचा कान?

डॉक्टरीण तरणी होती, मृण्मयी नाव. तिनं आधी बीपी बघितलं, ते बरोबर निघालं. मंग विचारलं, "मावशी, चक्कर म्हणजे नक्की काय होतं? डोळ्यांपुढं अंधारी येते, की घर फिरतं?"

"घर फिरतं. आरतीची दोन कडवी होईस्तोवर. मंग थांबतं. पण परवा शेतात अंधारी आली, ते वेगळं होतं."

"परवा वेगळं काय झालं होतं?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. खरं तर डॉक्टरीण कागदावर लिहीत होती, पण मला तसं वाटलं. मी सांगून टाकलं. खंडेरावची गोळी, पित्ताची म्हणून दिलेली.

नवसाबाईनं मान वळवली. नुसतं बघितलं माझ्याकडं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, दुसऱ्याचा चष्मा लावता का तुम्ही?" डॉक्टरीण म्हणाली.

"कधी कधी लावतो. खंडेरावचाच."

ती हसली, पण मंग चांगली खरडपट्टी काढली माझी. बीपी ठीक असलेल्या बाईला उपाशीपोटी ती गोळी दिली म्हणून ती पडली, डोकं फुटलं असतं. मी मान खाली घालून ऐकलं. मंग तिनं विचारलं, बोलताना जीभ जड होते का, तोंड वाकडं झालं का, हातापायातली शक्ती जाते का? नवसाबाई सगळ्याला नाय म्हणाली. "यातलं एक जरी झालं तर त्याच मिनिटाला यायचं, दसरा असो की दिवाळी," डॉक्टरीण म्हणाली.

"ताई, एक विचारू?" नवसाबाईनं पदर सावरला. "हे देवीचं तर नसंल ना? नीट सांगा. मला राग नाय येणार."

मला वाटलं आता ही पोरगी हसणार. नाय हसली. पेन खाली ठेवलं तिनं.

"मावशी, देवीचं मला सांगता येणार नाही. ते माझं काम नाही. पण कानाचं असेल तर ते मी आत्ता तुम्हाला दाखवते."

तिनं नवसाबाईला उंच पलंगावर बसवलं. मान उजवीकडं वळवली आन् झटकन उताणं पाडलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर. मला म्हणाली, "काका, पाय धरा." धरले. दुसऱ्यांदा.

"फिरलं! फिरलं गं बाई!" नवसाबाई ओरडली.

"डोळे मिटू नका. काका, इकडे या, हे बघा."

तेच डोळे. घटासमोर उडत होते ना, तसेच. डॉक्टरीण गडबडली नाय. तिनं फिरणं थांबू दिलं, मंग डोकं हळूच डावीकडं नेलं, थांबली. मंग आख्ख्या अंगानं डाव्या कुशीला वळवलं, नाक जमिनीकडं, थांबली. मंग उठवून बसवलं. डब्यात दाणे बसवायला डबा कलता करत फिरवतात, तसं चाललं होतं. थोड्या वेळानं परत तसंच उताणं पाडलं.

आम्ही वाट बघितली. नवसाबाई छताकडं बघत होती.

"नाय फिरत," ती म्हणाली. मंग हसली. तोंडावर हात ठेवून हसली. "आवं, नाय फिरत!"

मी बाहेर जाऊन गुळणी केल्याचं नाटक केलं. मला परत रडू आलं होतं.

कानाच्या आत बारीक खडे असतात म्हणे, राईच्या दाण्याहून बारीक. ते जागचे सरकले की मान हलली तरी जग फिरतं. ते तिनं जागेवर नेले. औषध नाय, सलाईन नाय. दोन दिवस डोलल्यासारखं वाटेल, आठ दिवसांनी परत दाखवायचं.

"रानात जाऊ का?" नवसाबाईनं विचारलं.

"जा की. घरी बसून काय करणार?"

तेवढं ऐकून तिचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मंग म्हणाली, "आन् माळ चढवू का?"

"चढवा. मागे कोणीतरी उभं ठेवा फक्त."

परतीच्या वाटेवर ती तोंड फिरवून बसली. मला वाटलं गोळीचा राग हाय. मी म्हणलं, "चुकलो." तर म्हणाली, "ते हायच. ते मी दिवाळीनंतर काढीन." आन् खिडकीबाहेर बघत, "मंगलाबाईला कसं सांगू, ते बघू राहिले."

"सांगायलाच पाहिजे का? चार दिवसांत विसरतील सगळे."

"ती नाय विसरणार. ती रस्त्याकडं डोळे लावून बसंल."

संध्याकाळी बाया आल्या. आधीच्या दुप्पट. नवसाबाई पाटावर चढली. मी मागं दोन्ही हात पसरून उभा राहिलो. तिनं मान मागं टाकली, पार मागं. हात वर नेले. एक गाठ मारली. दुसरी मारली. माळ सरळ केली आन् खाली उतरली, जशी चाळीस वर्षं उतरायची तशी.

बाया थांबल्या होत्या. आरती झाली. परत एक आरती झाली. कोणीतरी म्हणालं, आज आई रुसली. मंगलाबाई ओटीचं ताट घेऊन पुढंच बसली होती.

नवसाबाई तिच्यासमोर जाऊन बसली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मंगलाबाई, आई आली नव्हती. मला कानाची चक्कर येत होती. आज डॉक्टरानं बरी केली. त्या दिवशी तुझा हात मी धरला, पडू नये म्हणून धरला. हर्षलचं मला काही माहीत नाय गं. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाय. मला माफ कर."

मागून एक बाई पुटपुटली, "देवीची थट्टा केली यांनी." दोघीतिघी उठून गेल्या. माझं रक्त तापलं, पण मंजुषानं माझा सदरा मागून धरला होता.

मंगलाबाई खाली बघत होती. ताटातल्या खणाची घडी करत होती, मोडत होती, परत करत होती. मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार, नायतर थुंकून निघून जाणार, आन् दोन्हीत तिचं बरोबरच असंल.

"किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"बरं व्हायला."

"एक चहा होईस्तोवर," नवसाबाई म्हणाली. "का गं?"

"मला बी येती."

"काय?"

"चक्कर. पाण्याची कळशी उचलली की येती. छातीत धडधडतं. पोळ्याच्या वेळी न्हाणीत पडले होते, तासभर तशीच पडून होते. घरात कोण हाय उठवायला." खण तिनं ताटात ठेवला. "हर्षल गेला तेव्हापासून हाय. कोणाला सांगितलं नाय. त्या दिवशी वाटलं होतं, देवीला विचारावं, माझं काय होणार. पण एवढ्या बाया रांगेत. एकच विचारायचं, मंग मी त्याचं विचारलं."

नवसाबाईनं तिला जवळ ओढलं. ओट्यावरच्या उरलेल्या बायांतली एकही हालली नाय.

मंग नवसाबाई ज्ञानेशला म्हणाली, "उद्या गाडी किती वाजता?"

"आई, उद्या लय माल हाय. दसरा आलाय. पुढं तुम्ही दोघं बसलात तरी..."

"पुढं मी आन् मंगलाबाई."

"आन् नाना?"

"ते मागं बसतील झेंडूत."

"मी कशाला?" मी म्हणलं. "मला माझे टमाटे हायेत."

"खिडकीवर चिठ्ठी कोण काढंल? तुम्हाला आता माहिती झालीय." आन् माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "पण कानाची का छातीची, ते तिथली ताई सांगंल. तुम्ही नका सांगू. आन् खंडेरावला तर मुळीच विचारू नका."

पहाटे निघालो. झेंडूची क्रेटं गळ्यापर्यंत, त्यात मी, गुडघे पोटाशी धरून. पुढं दोघी. काचेतून दिसत होतं, मंगलाबाई डोकं मागं टेकवून बसली होती आन् आमची तिला काहीबाही सांगत होती, हात वर करून, मान मागं टाकून दाखवत होती.

गिरणाऱ्याच्या फाट्यावर गाडी खड्ड्यात आदळली. मंगलाबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आन् मागं वळून ओरडली, "भाऊ, घट्ट धरा! पडाल!"

"तू आत बस आधी!" मी म्हणलं.